ओटोचं नाव घ्यायचं नाही

वणीच्या शाळेत इतिहास शिकवायला रुजू झाले, तेव्हा घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही कोन लोक व्हय?" मी ज्यू म्हटलं, तिला जैन ऐकू आलं. पुन्हा सांगितलं, तर म्हणाली, "असं काही नसते." शेवटी आजीनं शिकवलेलं उत्तर दिलं, "आम्ही शनिवार तेली." कोकणात आम्हा बेने इस्राएलांना पूर्वी हेच म्हणत. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. घरमालकिणीचा चेहरा खुलला. "बाप्पा, तेली! मंग आमच्यातल्याच की वो तुम्ही!"

ज्या जिल्ह्यात आम्ही कोण हे सांगायलाच एवढे कष्ट, त्या जिल्ह्यात मी तीसेक वर्षं एक बिनपगारी काम केलं. युरोपात ज्यूंचा जो संहार झाला, त्याचा स्मरणदिन आमच्या इथल्या समाजात दरवर्षी पाळायचा, आणि आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांत जाऊन मुलांना तो इतिहास शिकवायचा. शाळेतून निवृत्त झाले तरी हे सुटलं नाही. आता सुटल्यासारखं आहे, म्हणून लिहिते आहे.

समाज म्हणजे केवढा? वणी, चंद्रपूर, नागपूर धरून मोजकी घरं. कोणी कोळशाच्या खाणीत, कोणी रेल्वेत. आमच्यात वडीलधारे म्हणजे बेंजामिनभाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सणाच्या प्रार्थना त्यांच्याच घरी होत. मी पहिल्यांदा स्मरणदिनाचा विषय काढला, तेव्हा त्यांनी मान हलवली. "एस्तेर, या देशात आपल्याला कोणी बोट लावलं नाही. दुसऱ्याचं रडणं आपण का रडायचं?"

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या आज्या-पणज्यांनी छळ पाहिलाच नाही. उत्तर पांढरकवड्याहून एसटीनं आलं, हातात भाजीची पिशवी घेऊन. त्या मार्था आंटी.

मार्था आंटी मूळच्या व्हिएन्नाच्या. सहा वर्षांच्या असताना डॉक्टर वडिलांबरोबर बोटीनं हिंदुस्थानात आल्या. वडिलांना पांढरकवड्याजवळच्या मिशनच्या दवाखान्यात काम मिळालं आणि ते तिथेच राहिले. आंटी मोठ्या होऊन तिथेच नर्स झाल्या. लग्न केलं नाही. निम्म्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. गोरा रंग, निळे डोळे आणि तोंडात अस्सल वऱ्हाडी. अनोळखी माणूस त्यांच्याशी तोडकंमोडकं इंग्रजी बोलायला लागला की त्या म्हणत, "मराठीत बोल ना बाप्पा, मले समजते."

बेंजामिनभाऊंच्या घरी पेसाहच्या सणाच्या जेवणाला त्या आल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्यासमोरच विषय काढला. त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "माह्या आईचं नाव आजपर्यंत कोनं मोठ्यानं घेतलं नाही." एवढंच. बेंजामिनभाऊंनी त्यानंतर 'दुसऱ्याचं रडणं' हा शब्द कधी काढला नाही. पुढच्याच आठवड्यात पहिला स्मरणदिन आमच्या बैठकीच्या खोलीत झाला.

हा दिवस एप्रिलमध्ये, फार तर मेच्या सुरुवातीला येतो. मेलेल्या साठ लाखांसाठी सहा मेणबत्त्या लावायच्या अशी जगभर रीत. वणीच्या उन्हानं आमच्या मेणबत्त्या लावायच्या आधीच वाकल्या. मग आम्ही तेलाचे दिवे घेतले. शेवटी तेलीच आम्ही! दिवे लागले की स्तोत्र म्हणायचं, आणि मग नावं वाचायची. कुठल्या तरी गावातली, कधी न पाहिलेल्या माणसांची नावं आणि वयं. बाकी भाषण नाही. नाव वाचायचं, श्वास घ्यायचा, पुढचं नाव.

मार्था आंटींच्या आईचं नाव दरवर्षी वाचलं जाई. पण त्यांना एक धाकटा भाऊही होता, ओटो. निघायच्या वेळी ओटोला गोवर निघाला, म्हणून त्याला बोटीवर घेतलं नाही. आई त्याच्याजवळ थांबली, पुढच्या बोटीनं येणार होती. लढाई पेटली आणि पुढची बोट आलीच नाही. आई गेल्याचं युद्ध संपल्यावर कळलं. ओटोबद्दल कोणालाच काही सांगता आलं नाही.

पहिल्या वर्षी मी आंटींना विचारलं, "ओटोचंही नाव वाचू?"

त्या एकदम ताठ झाल्या. "काहून? मेल्याचं कोनं सांगतलं तुले?"

दरवर्षी हे झालं. मी विचारायची, त्या नाही म्हणायच्या. मिशनवाल्यांनी त्यांना नागपूरच्या वृद्धाश्रमात हलवायचं ठरवलं, तेव्हाही त्या पांढरकवड्याची ती गळकी खोली सोडायला तयार झाल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आईजवळ हाच पत्ता होता. पत्ता बदलला तर ओटोले मी कशी सापडन?" ओटो असलाच तर तेव्हा सत्तरी ओलांडलेला म्हातारा. आंटींच्या बोलण्यात तो नेहमी तीन वर्षांचा असे.

शाळांमधलं काम वेगळं. हा विषय कसा शिकवायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, चुकत-चुकत कळत गेलं. प्रेतांचे फोटो दाखवायचे नाहीत. ते दाखवले की मुलं डोळे झाकतात, आणि झाकलेल्या डोळ्यांना काही दिसत नाही. आधी जिवंत माणूस दाखवायचा. मी युरोपातल्या एका शाळेचा, वर्गातल्या मुलांचा फोटो नेत असे. प्रत्येकानं त्यातलं एक पोर निवडायचं. याच्या डब्यात काय असेल? याचं कोणाशी भांडण असेल? वर्ग हसायला लागला, दंगा करायला लागला की सांगायचं, यातली किती उरली. मग प्रश्न येत. "टीचर, पोलीस काहून नाही आले?" मी सांगे, न्यायला पोलीसच आले होते. मुकुटबनला एका कोलाम आदिवासी मुलीनं विचारलं, "मंग त्याईच्या घरात कोन राह्यलं?" मोठमोठ्या लोकांना न सुचलेला प्रश्न. मी म्हटलं, "शेजारी." ती खाली बसली आणि बाजूच्या मुलीकडे जरा वेळ बघत राहिली.

त्याच मुकुटबनच्या कार्यक्रमात, शेवटी मुख्याध्यापक आभार मानायला उठले. भला माणूस. आम्हाला चहा-पोहे, शाल-श्रीफळ, सगळं. म्हणाले, "मॅडमनी फार सुंदर माहिती दिली. पण एक मात्र आहे, शिस्त शिकावी ती हिटलरकडूनच! आज आपल्या देशाले असाच एखादा हिटलर पाह्यजे." टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर वाजवायच्या असतात म्हणून मुलांनी वाजवल्या.

हे वाक्य मी तोवर पुष्कळ ठिकाणी ऐकलं होतं, पण त्या दिवशी मार्था आंटी मागच्या बाकावर होत्या. गावातल्या एका ओळखीच्या बाईला भेटायचं म्हणून त्या नुसत्याच गाडीत बसून आल्या होत्या. त्या उठल्या.

"गुर्जी, मी बोलू काय?"

गोरी म्हातारी वऱ्हाडी बोलते म्हणून पोरं खुसखुसली. आंटी पुढे आल्याच नाहीत, बाकाला धरून तिथूनच बोलल्या. "माह्या भावाचं नाव ओटो. तीन वर्साचा होता. गोवर झालता म्हणून आमच्यासंग नाही आला. तो शिस्तीचाच होता, बाप्पा. चपला जोडीनं ठेवे, माह्याही ठेवे. मंग त्याले कायची शिस्त लावाची होती, मले सांगा."

मुख्याध्यापक हातातल्या कागदाकडे बघत उभे राहिले. आंटी खाली बसल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "चाल आता, त्या बाईच्या घरी जाऊ. सुनेले सातवा लागला म्हणते."

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी पुन्हा बोलावलं. आभाराच्या भाषणात ते वाक्य नव्हतं. मनातलं गेलं की नाही, देव जाणे.

प्रत्येक ठिकाणी एवढंही साधलं नाही. नाझनीन नावाची माझी नववीतली विद्यार्थिनी एकदा मधल्या सुट्टीत धावत आली. "टीचर, अब्बूच्या गॅरेजमध्ये ट्रक आलाय, त्याच्यावर हिटलर लिहिलंय!" तिचे अब्बू म्हणजे सलीमभाई मेकॅनिक, वणीतले सगळे कोळशाचे ट्रक त्यांच्या हाताखालून जाणारे. मी शाळा सुटल्यावर गेले. ट्रकच्या मागे लाल रंगात 'हिटलर', आणि त्याच्या खाली 'फिर मिलेंगे'.

ड्रायव्हर अगदी नम्रपणे म्हणाला, "म्याडम, गाडी कोनापुढं वाकत नाही म्हणून नाव ठेवलं. तो इंग्रजासंग लढला ना?"

मी गॅरेजमधल्या टायरवर बसून त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, "लय वाईट झालं," म्हणाला, आणि सलीमभाईंना विचारलं, अक्षरं पुसट झालीत, नवीन रंग कधी मारता? सलीमभाईंनी हात पुसले. "इंजन मी बनवून देतो, भाई. रंग दुसरीकडून मार." त्यानं घुग्घुसला मारून घेतला. तो ट्रक पुढे कित्येक वर्षं मला रस्त्यात दिसे. अक्षरं आधीपेक्षा मोठी.

त्या वर्षीपासून नाझनीन स्मरणदिनाला येऊ लागली. घरात उर्दू बोलत असल्यामुळे तिचे उच्चार स्वच्छ, आणि परदेशी नावं ती आम्हा सगळ्यांपेक्षा नीट वाचायची. हळूहळू नावं वाचायचं काम तिच्याकडेच आलं. ती डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, लग्न झालं, मूल झालं, तरी त्या दिवशी हजर. बेंजामिनभाऊ तिला "आमची वाचणारी" म्हणत आणि तिच्या मुलासाठी खाऊ आणून ठेवत.

मग ते युद्ध सुरू झालं.

बेंजामिनभाऊंची मुलगी तिकडे, इस्राएलमध्ये. पहिल्या दिवशी हल्ला झाला तेव्हा तिच्या ओळखीचं एक कुटुंब गेलं. ती लेकरांना घेऊन तळघरात झोपायची, आणि बेंजामिनभाऊ इकडे फोन उशाशी ठेवून जागे. इकडे नाझनीनच्या मोबाइलवर गाझातली लेकरं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, बापांच्या हातांवर. एप्रिल जवळ आला तेव्हा ती माझ्या घरी आली. चहा घेतला नाही.

"टीचर, यंदा मी नावं नाही वाचत."

"का गं?"

"वाचीन आणि डोळ्यांपुढं दुसरीच लेकरं येतील. मग ते वाचणं खोटं होईल. तुम्हीच शिकवलं ना, एकेक लेकरू पाहा म्हणून? मग मी ही कशी न पाहू? त्यांच्यातली चार नावं घेऊ द्या, मी सगळी वाचते."

मी बेंजामिनभाऊंना विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "एस्तेर, माझी नात बॉम्ब पडताना कानांवर हात ठेवून बसते. आणि ती पोरगी आमच्या मेलेल्यांना अट घालते? वर्षातला एक दिवस आहे हा. तोही आमचा राहू नये?"

दोघांचंही ऐकताना मला दोघंही खरे वाटत होते. लोक म्हणतात, अशा वेळी मध्यममार्ग काढावा. मी शोधला. सापडला नाही. तीस वर्षं मी मुलांना शेजाऱ्यांनी काय केलं ते विचारत आले होते, आणि आता माझ्याच दोन शेजाऱ्यांच्या मधे मला तोंड उघडता येईना.

हे आंटींच्या कानावर घातलं. नव्वदी ओलांडली होती, पण कान शाबूत. म्हणाल्या, "सलीमले गाडी घेऊन पाठव. मले नाझनीनच्या घरी जाचं हाय."

स्मरणदिनाच्या दुपारी सलीमभाईंनी त्यांना आणलं. नाझनीनच्या घरी त्या बराच वेळ बसल्या. तिथे काय झालं ते नाझनीननंच मला नंतर सांगितलं. आंटींनी मोबाइल मागून घेतला, एक फोटो लांबून, जवळून पाहिला.

"हा केवढा असंन?"

"तीनचा असेल, आंटी."

"जवळ आहे तो बाप व्हय?"

"हो."

आंटींनी स्क्रीनवरच्या बापावर बोट ठेवलं. "यानं पाह्यलं. हातात घेतलं. याले आता वाट पाहाची नाही." मग मोबाइल उलटा ठेवला आणि नाझनीनच्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या. एका शब्दानं तिला वाच किंवा वाचू नको म्हणाल्या नाहीत.

सांजेला आंटी माझ्या घरी आल्या त्या नाझनीनचा हात धरून. नाझनीन मागे भिंतीशी बसली. वाचणार नव्हती, पण आली होती. बेंजामिनभाऊ जरा उशिरा आले. त्यांना ती दिसली. ते दारातच थांबले, टोपी नीट केली आणि परत फिरले. त्यांच्या मागे त्यांची सूनही गेली. राहिलो आम्ही मूठभर.

मी दिवे लावले. नावं मीच वाचली. आंटींच्या आईचं नाव झालं, मी पुढचं घेणार तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ओटोचं घे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आंटी?"

"घे म्हनलं ना. वय तीन."

मी घेतलं. आंटी रडल्या नाहीत. दिव्याकडे बघत राहिल्या, मग विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. "एवढंच असते?" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिशनला कळवलं, खोली घ्या परत. आणि मला म्हणाल्या, "आता मले कुठंही ठेव."

मी त्यांना वणीला घरी आणलं. ज्या बाईनं जन्मभर जागा सोडली नाही, ती एका पिशवीनिशी माझ्या मागच्या खोलीत आली. खायच्या-प्यायच्या, विचारलं तर बोलायच्या. पण दारात कोणी आलं की पूर्वी त्यांची मान जशी झटकन वळायची, तशी वळेनाशी झाली. पोस्टमन आला तरी नाही. मी या कामात इतकी वर्षं घालवली, लोकांना सांगत आले की मेलेल्यांचं नाव घेतलं की ते उरतात. नाव घेतलं की आधी ते मरतात, हे मला आंटींच्या मानेवरून कळलं. मी विचारत राहिले नसते तर? पण मी विचारलंच नव्हतं या वेळी. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तरीही तो प्रश्न माझ्या घरातून जात नाही.

पोळ्याच्या दोन-चार दिवस आधी आंटी झोपेतच गेल्या.

आमच्यात माती लवकर द्यायची असते. वडिलांची कबर मिशनच्या कब्रस्तानात एका कडेला आहे, तिच्याशेजारी जागा मिळाली. प्रश्न कद्दीशचा होता. मेलेल्यासाठी म्हणायची ती प्रार्थना दहा प्रौढ ज्यू पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. मी सगळीकडे फोन केले. बेंजामिनभाऊंना करायला हात धजेना, तोवर त्यांचाच आला. "एस्तेर, नागपूरहून मुलं निघालीत. मीही निघतो."

चंद्रपूरचे आमचे एक नातेवाईक मात्र येऊ शकले नाहीत. वर्धा नदीला पूर होता, पुलावरून पाणी. ते पलीकडच्या काठावर गाडीत बसून फोन करत राहिले.

माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत अशी आमची रीत आहे. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसाला एकेक शब्द म्हणत जायचं. बेंजामिनभाऊ कबरीशी उभे राहून एकेकाकडे बघत म्हणत गेले. माणसं संपली आणि एक शब्द त्यांच्या तोंडात उरला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा उरला. सलीमभाई, मिशनचे पास्टर, आंटींच्या हातून सुटका झालेल्या कितीतरी बाया, त्यांचे मुलगे, सगळे उभे होते. माणसांची कमी नव्हती. पण रीत म्हणजे रीत, तिथं माझा इलाज नव्हता. कद्दीश झाला नाही. बेंजामिनभाऊंनी मराठीत स्तोत्र म्हटलं, त्याला दहा लागत नाहीत.

मग माती. आधी बेंजामिनभाऊंनी फावड्यानं लोटली, मग मुलांनी, मग मी. सलीमभाईंनी हातानं तीन मुठी घातल्या. नाझनीन त्यांच्या मागे होती. त्या स्मरणदिनापासून ती आणि बेंजामिनभाऊ एकमेकांसमोर आले नव्हते. ती पुढे आली तेव्हा फावडं पुन्हा बेंजामिनभाऊंच्याच हातात होतं. तिनं हात पुढे केला. त्यांनी फावडं तिला दिलं नाही, मातीत खुपसून उभं केलं आणि एक पाऊल मागे सरले.

नाझनीनचा हात तसाच राहिला. मग तिनं तो पदराखाली घेतला आणि ती वळली.

"नाझनीन," बेंजामिनभाऊ म्हणाले. सकाळपासून स्तोत्र सोडून ते एवढंच बोलले असतील. "आमच्यात फावडं हातात देत नाहीत, बेटा. आपलं दुःख दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून. ठेवायचं. ज्याला उचलायचं त्यानं उचलायचं."

ती थांबली. त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही, त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. मग तिनं पदर खोचला, फावडं उपसलं. पावसानं माती जड झाली होती.